सेन्सॉर राणीचा, गल्ला छापखानेवाल्यांचा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

नाट्य स्पर्धांच्या निमित्ताने संहितांच्या परिनिरीक्षणावर, म्हणजे प्रयोगाआधी संहिता तपासून प्रमाणपत्र देण्याच्या पद्धतीवर, आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात वाद रंगला आहे. तो व्हावाच. मात्र दोन्ही बाजूंनी इंग्लंडचा जो दाखला दिला जातो, तो तपासून घ्यायला हवा. एक बाजू म्हणते, शेक्सपिअरची ओळ न् ओळ पहिल्या एलिझाबेथ राणीच्या सेन्सॉरखालून गेली, तरी तो मोठा झालाच ना? दुसरी म्हणते, १६४४ मध्ये कवी मिल्टनने सेन्सॉरशिप मोडीत काढली. दोन्ही विधाने टाळ्या घेणारी आहेत आणि दोन्ही चुकीची आहेत. हा कालखंड कोल्हापुरात वर्षानुवर्षे शिकवणारे आम्ही काही शिक्षक त्याबद्दल थोडे सविस्तर लिहीत आहोत. पत्र लांबले तर सांभाळून घ्यावे.

पहिली गोष्ट म्हणजे 'राणीचा सेन्सॉर' अशी एकच कचेरी नव्हतीच. पुस्तकाचे दार वेगळे, नाटकाचे वेगळे. पुस्तकावर चर्चची नजर होती. कँटरबरीचे आर्चबिशप, लंडनचे बिशप आणि प्रत्यक्षात बहुतेक वेळा त्यांच्या पदरचे धर्मोपदेशक हस्तलिखित वाचून सही करत. नाटकावर दरबारातल्या करमणुकीचा कारभार पाहणाऱ्या अधिकाऱ्याची नजर होती. त्याला 'मास्टर ऑफ द रेव्हल्स' म्हणत. एडमंड टिल्नी या माणसाला १५८१ मध्ये देशभरातली नाटके तपासायचा अधिकार मिळाला. या दोन दारांमध्ये फारसे बोलणे नसे. त्यामुळे एकच मजकूर रंगमंचावर चालायचा आणि छापताना अडायचा, किंवा उलटेही व्हायचे.

पुस्तक बाहेर कसे पडायचे, ते क्रमाने पाहा. लेखक हस्तलिखित प्रकाशकाला विकायचा. तिथे त्याचा हक्क संपला. प्रकाशक ते परवाना देणाऱ्याकडे न्यायचा. सही झाली की प्रत स्टेशनर्स कंपनीच्या वॉर्डनकडे जायची. ही छापखानेवाल्यांची आणि पुस्तकविक्रेत्यांची पंचायत. मेरी राणीने १५५७ मध्ये तिला सनद दिली, आणि खास राजपरवाना असलेले सोडले तर छपाईचा हक्क या कंपनीच्या सभासदांपुरता राहिला. सहा पेन्स भरून वहीत पुस्तकाचे नाव नोंदवले की ते पुस्तक 'आपले' झाले, दुसऱ्याने छापायचे नाही. ही नोंद सेन्सॉरची नव्हे, मालकीची. कितीतरी पुस्तके नोंद न करता छापली गेली आणि कुणाचे काही बिघडले नाही.

खरी मेख इथे आहे. झडती घेण्याचे, बेकायदा छापखाना मोडण्याचे, माल जप्त करण्याचे अधिकार या कंपनीकडेच होते. सरकारला शिपाई नेमण्याचा खर्च नको होता, कंपनीला स्पर्धक नको होते. दोघांचे जमले. २३ जून १५८६ च्या स्टार चेंबर या राजदरबारी न्यायालयाच्या हुकमाने छपाई लंडनपुरती राहिली, ऑक्सफर्ड आणि केंब्रिज विद्यापीठांना एकेक यंत्र ठेवायची मुभा मिळाली. नवीन यंत्र बसवायला बंदी, चोरट्या छपाईसाठी यंत्राची मोडतोड. वरून पाहिले तर राजद्रोह रोखण्याचा बंदोबस्त, आतून पाहिले तर धंद्याची मक्तेदारी. याच कंपनीने १५८७ मध्ये एका आवृत्तीत साधारण १,२५० ते १,५०० प्रतींच्या वर काढायच्या नाहीत असा नियम केला. त्यात विचारांचा संबंध शून्य. खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरे, जुळवून ठेवून हजारो प्रती काढल्या तर जुळारी रिकामे बसतील, एवढेच कारण. असले नियम आणि सेन्सॉरचे नियम एकाच वहीत सापडतात, म्हणून नवख्या वाचकाची गल्लत होते.

ही यंत्रणा किती गळकी होती, याचा नमुना म्हणजे मार्टिन मारप्रीलेट या टोपणनावाने १५८८-८९ मध्ये निघालेली पत्रके. बिशपांची रेवडी उडवणारी ही सात पत्रके फिरत्या छापखान्यातून निघाली. यंत्र आज या जमीनदाराच्या वाड्यात, उद्या दुसऱ्याच्या. शेवटी मुद्रक हॉजकिन्स गाडी भरून उत्तरेला निघाला. वॉरिंग्टनला सामान उतरवताना काही खिळे रस्त्यावर सांडले. बघ्यांनी विचारले तर त्याने ते बंदुकीचे छर्रे असल्याचे सांगितले. वेळ निभावली, पण थोड्याच दिवसांत, ऑगस्ट १५८९ मध्ये, मँचेस्टरजवळ तो छपाई चालू असताना पकडला गेला. या प्रकरणात एरवी न बोलली जाणारी बाब अशी की, नुसत्या बंदीने भागेना म्हणून अधिकाऱ्यांनी मार्टिनला त्याच्याच भाषेत उत्तर द्यायला भाडोत्री लेखक लावले. लिली आणि नॅश या लेखकांची नावे त्यात घेतली जातात. दहा वर्षांनी त्याच नॅशची सगळी पुस्तके जप्त करण्याचा हुकूम निघाला. सत्तेच्या बाजूने लेखणी चालवली म्हणून लेखक सुरक्षित राहतो असे नाही.

तो हुकूम १ जून १५९९ चा. आर्चबिशप व्हिटगिफ्ट आणि बिशप बॅन्क्रॉफ्ट यांनी कंपनीला कळवले की विडंबने आणि उपरोधिका यापुढे छापायच्या नाहीत, इंग्लंडचे इतिहास प्रिव्ही कौन्सिल या राणीच्या सल्लागार मंडळाच्या संमतीशिवाय छापायचे नाहीत आणि नाटके अधिकृत परवान्याशिवाय नकोत. ४ जूनला स्टेशनर्स हॉलमध्ये पुस्तके जाळली. यातला इतिहासाचा उल्लेख महत्त्वाचा आहे. त्याच वर्षी जॉन हेवर्डने चौथ्या हेन्रीच्या राज्यारोहणावर पुस्तक लिहून ते अर्ल ऑफ एसेक्सला अर्पण केले होते. दोनशे वर्षांपूर्वी एका राजाला खाली ओढून दुसरा कसा बसला, ही कथा. वारस न नेमलेल्या म्हाताऱ्या राणीला आणि महत्त्वाकांक्षी सरदाराला ती कशी लागू पडते, हे सांगायला पंडित नको. अर्पणपत्रिका काढायला लावली, दुसरी आवृत्ती जाळली, आणि १६०० मध्ये हेवर्ड टॉवरच्या तुरुंगात गेला. यात राजद्रोह आहे का, असे राणीने विचारल्यावर तिचा कायदेपंडित फ्रान्सिस बेकनने सांगितले की राजद्रोह नाही, चोरी मात्र आहे, याने बराचसा मजकूर रोमन इतिहासकार टॅसिटसचा उचललाय.

आता नाटकाकडे. इथला क्रम सोपा होता. नाटक मंडळी संहितेची प्रत टिल्नीकडे न्यायची आणि शुल्क भरायची. १५९० च्या दशकाच्या अखेरीस हे शुल्क एका नाटकाला सात शिलिंग होते. पुढे याच पदावर आलेल्या हेन्री हर्बर्टच्या काळात ते एक पौंड आणि नंतर दोन पौंड झाले. अधिकारी वाचून काट मारायचा, समासात शेरे लिहायचा आणि शेवटच्या पानावर सही करायचा. ही सहीची प्रत म्हणजे मंडळींचे भांडवल. गावोगावच्या महापौरांनी दौऱ्यावर अडवले की हीच पुढे करायची. म्हणजे शुल्क हे अधिकाऱ्याचे उत्पन्न आणि परवाना हे मंडळींचे कवच. नाटके बंदच पडली तर टिल्नीचीच आमदनी बुडायची. त्यामुळे त्याला नाटक पाडायचे नसायचे, पार पाडायचे असायचे.

टिल्नी नेमका कसा वाचायचा, ते दाखवणारे एक हस्तलिखित नशिबाने उरले आहे. आठव्या हेन्रीचे मंत्री सर थॉमस मोर यांच्यावरचे हे नाटक अनेक लेखकांनी मिळून लिहिले. त्यातली तीन पाने शेक्सपिअरच्या हातची असल्याचे बहुतेक अभ्यासक मानतात. नाटकाची सुरुवात १५१७ च्या मे महिन्यातल्या दंगलीने होते. लंडनचे कारागीर परदेशी व्यापाऱ्यांवर उठतात. टिल्नीने पहिल्याच पानावर लिहिले की बंड आणि त्याचे कारण पूर्णपणे गाळा, मोर यांनी दंगल शमवली हे फक्त थोडक्यात कुणाच्या तरी तोंडून सांगा, अन्यथा परिणाम तुमच्या माथी. त्याचे खरे कसब मात्र आतल्या एका बारीक दुरुस्तीत दिसते. 'परका', 'फ्रेंच' असे शब्द आले तिथे त्याने ते खोडून 'लोंबार्ड' म्हणजे उत्तर इटलीतला माणूस असे लिहिले. कारण? १५९३ च्या सुमारास लंडनमध्ये फ्रेंच आणि डच निर्वासितांविरुद्ध धमक्यांची पत्रके लागत होती. लोंबार्ड मात्र त्या वेळी शहरात नावालाच उरले होते. प्रेक्षकाला दगड मारायला समोर माणूसच राहणार नाही, असा हा हिशेब. संपूर्ण नाटकावर फुली मारणे त्याला सोपे होते. त्याने दुरुस्तीचे काम करत बसणे पसंत केले. गंमत अशी की त्याने गाळायला सांगितलेल्या प्रसंगातच, निर्वासितांच्या जागी स्वतःला ठेवून पाहा असे दंगलखोरांना सांगणारे मोर यांचे भाषण आहे. दंगल भडकू नये म्हणून दंगल शमवणारे भाषणही कात्रीत आले.

शेक्सपिअरच्या 'रिचर्ड दुसरा' चे उदाहरण सगळेच देतात, पण अर्धे देतात. हेवर्डच्या पुस्तकातला खाली ओढलेला राजा तो हाच. १५९७ आणि १५९८ च्या छापील आवृत्त्यांत राजा मुकुट उतरवतो तो प्रवेश नाही. तो पहिल्यांदा छापला गेला १६०८ मध्ये, राणीच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी. सेन्सॉरने कापला, प्रकाशकाने भिऊन गाळला, की नंतर लिहिला, यावर आजही एकमत नाही. वर्गात ठासून 'सेन्सॉरने कापला' असे शिकवतात ते थांबायला हवे. ठाम माहिती आहे ती ७ फेब्रुवारी १६०१ ची. एसेक्सच्या माणसांनी ग्लोब नाट्यगृहाच्या मंडळींना नेहमीपेक्षा ४० शिलिंग जास्त देऊन हे जुने नाटक लावायला लावले. दुसऱ्या दिवशी एसेक्सचे बंड झाले आणि फसले. २५ फेब्रुवारीला एसेक्सचे मस्तक उडाले. मंडळींतर्फे ऑगस्टिन फिलिप्सने जबानी दिली की नाटक जुने, गर्दी होणार नाही असे आम्ही सांगत होतो, पैसे मिळाले म्हणून केले. त्यांना शिक्षा झाली नाही. हेवर्ड तुरुंगात आणि नट मोकळे, बहुधा यामुळे की नटांपाशी परवान्याची प्रत आणि दरबारातली ओळख दोन्ही होते.

१६०६ मध्ये संसदेने आणखी एक पाचर मारली. रंगमंचावर देवाचे नाव टवाळीने घेतल्यास प्रत्येक वेळी दहा पौंड दंड. हा कायदा छापील पुस्तकाला लागू नव्हता. त्यामुळे १६२२ मध्ये सुट्या छापलेल्या 'ऑथेल्लो' मध्ये शिव्याशपथा आहेत आणि शेक्सपिअरच्या नाटकांच्या १६२३ च्या मोठ्या संग्रहात त्या गायब आहेत. दोन्ही प्रती शेजारी ठेवून वाचल्या की कात्री कुठे चालली ते विद्यार्थ्याला दहा मिनिटांत कळते. महाविद्यालयांनी हा प्रयोग जरूर करावा, त्याला खर्च काहीच नाही.

या सगळ्यात सर्वांत जास्त काम कुणी केले असेल तर ते लेखकाच्या भीतीने. फल्क ग्रेव्हिलने अँटनी आणि क्लिओपात्रावरची आपली शोकांतिका स्वतःच आगीत टाकली, एसेक्सच्या पतनानंतर लोक तिच्यात नको ते वाचतील म्हणून. तिची नोंद कुठल्याही परवान्याच्या वहीत नाही. ज्यांनी लिहायचे सोडले नाही त्यांनी रोम, इटली, पुराणकथा गाठल्या. आपल्याकडे खाडिलकरांनी 'कीचकवध' मध्ये महाभारत घेतले आणि प्रेक्षकांनी कर्झन पाहिला. १९१० मध्ये त्यावर बंदी आली. बेन जॉन्सनने 'सेजानस' मध्ये टॅसिटसचा रोम घेतला आणि त्याला प्रिव्ही कौन्सिलपुढे उभे राहावे लागले. मिडलटनने १६२४ मध्ये बुद्धिबळाच्या सोंगट्यांतून स्पेनच्या माजी राजदूताची टर उडवली. हर्बर्टने रीतसर परवाना दिलेले हे नाटक ग्लोबमध्ये ऑगस्टमध्ये सलग नऊ प्रयोग चालले, मग स्पेनच्या तत्कालीन राजदूताने तक्रार केली आणि ते बंद पडले. परवान्याने सरकारचा राग थांबत नाही, तो फक्त कुणावर काढायचा ते बदलते.

त्याचा सर्वांत कडवट नमुना विल्यम प्रिन. नाटकांविरुद्धचे त्याचे हजारांवर पानांचे 'हिस्ट्रिओमॅस्टिक्स' परवाना घेऊनच छापले होते. घात केला सूचीने. स्त्री-नट म्हणजे कुप्रसिद्ध वेश्या, अशा अर्थाची नोंद सूचीत होती, आणि पुस्तक बाहेर पडल्यानंतर काही आठवड्यांतच राणी हेन्रिएटा मारियाने दरबारातल्या नाटकात काम केले. १६३४ मध्ये प्रिनला ५,००० पौंड दंड आणि कान कापण्याची शिक्षा झाली. प्रकाशकाला ५०० पौंड आणि परवाना देणाऱ्या धर्मोपदेशकाला ५० पौंड. इतक्या पानांच्या ग्रंथाची सूची कोण वाचतो? ११ जुलै १६३७ च्या नव्या हुकमात म्हणूनच परवान्यासाठी दोन प्रती मागितल्या, एक अधिकाऱ्याकडे राहणार, म्हणजे नंतर मजकूर घुसडता येणार नाही. मास्टर-मुद्रक वीस आणि खिळे ओतणारे चार, एवढीच मर्यादा ठेवली. कागदावर हा हुकूम पूर्वीच्या कुठल्याही हुकमापेक्षा कडक. चार वर्षांत, जुलै १६४१ मध्ये, स्टार चेंबरच बरखास्त झाले आणि कागद कागदच राहिला. पुढच्या वीस वर्षांत एकट्या जॉर्ज टॉमसन या पुस्तकविक्रेत्याने सुमारे २२,००० पत्रके आणि पुस्तके जमवली.

आता मिल्टन. संसदेने १४ जून १६४३ ला परवाना पद्धत परत आणली. ती आणा म्हणून अर्ज केला होता स्टेशनर्स कंपनीने, धंदा बुडतोय म्हणून. त्याविरुद्ध मिल्टनचे 'अ‍ॅरिओपॅजिटिका' नोव्हेंबर १६४४ मध्ये विनापरवाना निघाले, मुद्रकाचे नाव नव्हते, लेखकाचे मात्र होते. परिणाम? संसदेने हुकूम तसाच ठेवला. मिल्टनची मागणीही बेताची होती. छापण्याआधी अडवू नका, छापल्यावर घातक ठरले तर जाळा. कॅथलिकांना तर त्याने सवलतच ठेवली नव्हती. पुढे १६५१ च्या सुमारास 'मर्क्युरियस पॉलिटिकस' या सरकारी साप्ताहिकाच्या नोंदींत परवाना देणारा म्हणून खुद्द मिल्टनचेच नाव दिसते. १६६० मध्ये मोडलेली राजेशाही परत आल्यावर त्याची दोन पुस्तके फाशी देणाऱ्याच्या हातून जाळली गेली, आणि १६६७ चे 'पॅराडाइज लॉस्ट' हे महाकाव्यही परवान्याखालून गेले. ग्रहणात झाकलेला सूर्य राजांना बदलाच्या भीतीने बेचैन करतो, अशा ओळींवर परवाना देणारा टॉमकिन्स अडला होता, असे मिल्टनचा चरित्रकार टोलंड सांगतो. महाकाव्याच्या पहिल्या सर्गाची त्या परवान्याची खूण असलेली प्रत न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात आहे.

छपाईवरची पूर्वपरवानगी गेली ती १६९५ मध्ये, परवान्याच्या १६६२ च्या कायद्याची मुदत वाढवायला संसदेने नकार दिला म्हणून. संसदेच्या कॉमन्स सभागृहाने अठरा कारणे दिली. त्यांत स्वातंत्र्याचे तत्त्व शोधून सापडत नाही. आयात पुस्तकांच्या पेट्या कंपनीचा माणूस येईपर्यंत जकात नाक्यावर पडून राहतात, घरांच्या झडत्या होतात, 'आक्षेपार्ह' कशाला म्हणायचे ते कायद्यात सांगितलेलेच नाही, अशी ती कारणे. तत्त्वज्ञ जॉन लॉकने पडद्याआडून दिलेल्या टिपणात रोमन लेखकांच्या पुस्तकांवरची कंपनीची मक्तेदारी आणि महागड्या, सदोष आवृत्त्या हीच मोठी तक्रार होती. म्हणजे ज्या पंचायतीच्या स्वार्थावर यंत्रणा उभी होती, तिच्याच स्वार्थाला लोक विटले तेव्हा ती कोसळली.

पूर्वपरवानगी गेली म्हणजे शिक्षा गेली असे नाही. 'रॉबिन्सन क्रूसो'चा लेखक डिफो याला १७०३ मध्ये तीन दिवस भरचौकात खोड्यात उभे केले. पुढे काय होते हे कोल्हापूरने निराळ्या अंगाने पाहिले आहे. चौथ्या शिवाजी महाराजांच्या छळाबद्दल 'केसरी' आणि 'मराठा' ने दिवाण बर्वे यांच्यावर लिहिले, पुराव्याची पत्रे बनावट निघाली आणि १८८२ मध्ये टिळक-आगरकरांना अब्रुनुकसानीबद्दल डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. तिथे छापण्याआधी कुणी वाचले नव्हते, छापल्यावर मात्र किंमत मोजावी लागली. परिनिरीक्षणाच्या वादात या दोन गोष्टी सरमिसळ होतात, त्या वेगळ्या ठेवल्या तर निम्मी भांडणे मिटतील.

नाटकाला इंग्लंडमध्ये ही सुटका फार उशिरा मिळाली. १७३७ मध्ये पंतप्रधान वॉलपोलने आणलेला नाटकांच्या पूर्वपरवानगीचा कायदा १९६८ पर्यंत टिकला, म्हणजे छापील पुस्तकापेक्षा रंगमंच २७३ वर्षे जास्त अडकून राहिला. कारण तेच, सात शिलिंगांच्या काळातले. १९०९ मध्ये संसदेच्या समितीपुढे नाटककारांनी हा कायदा रद्द करा म्हणून साक्ष दिली, आणि थिएटरमालकांनी तो ठेवा म्हणून. लॉर्ड चेंबरलेन या परवाना देणाऱ्या दरबारी अधिकाऱ्याचा शिक्का असला की गावातल्या कुणाची तक्रार चालत नाही, हे त्यांचे गणित. आपल्याकडे परिनिरीक्षणाच्या बाजूने आलेल्या पत्रांतही 'एकदा प्रमाणपत्र हातात असले की प्रयोग कुणी बंद पाडत नाही' हाच मुद्दा आहे. तो मुद्दा मांडणारे निर्माते आहेत की लेखक, एवढे आपण त्या पत्रांखाली छापत चला.

आपले,
इंग्रजी साहित्याचे काही शिक्षक, कोल्हापूर